‘शुद्ध शाकाहारी’ आणि ‘चायनीज’ : भोजनगृहांच्या पाट्यांची भाषिक समीक्षा

१

ग्रंथांची समीक्षा करण्याची परंपरा मराठीत आहे. पाट्यांची समीक्षा करण्याची नाही. ही उणीव क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. ग्रंथ थोडे लोक वाचतात आणि तेही स्वेच्छेने. पाटी मात्र रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला वाचावी लागते. शाळा सोडल्यानंतर ज्याने एकही पुस्तक उघडलेले नाही, त्याच्याही डोळ्यांपुढून रोज दहावीस पाट्या जातात. लिखित मराठीशी त्याचा जो संबंध उरतो तो बहुतांशी या पाट्यांच्या द्वारे. तेव्हा पाटी काय म्हणते, कोणत्या शब्दांत म्हणते, आणि ते शब्द वाचणाऱ्याला स्वतःविषयी काय सांगून जातात, हा प्रश्न भाषाभ्यासकाने टाळण्यासारखा नाही.

गोंदिया जिल्ह्यातील नागरा हे गाव जुन्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. गोंदिया शहर तेथून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. त्यामुळे नागऱ्याच्या माणसाला ‘बाहेर जेवणे’ म्हणजे बहुधा गोंदियाला जाऊन जेवणे होय. शहरात शिरल्यावर त्याच्या दृष्टीस पडणाऱ्या भोजनगृहांच्या पाट्यांत दोन शब्दप्रयोग पुनःपुन्हा आढळतात. एक, ‘शुद्ध शाकाहारी’, दुसरा, ‘चायनीज’. पहिला पक्क्या इमारतींच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत असतो. दुसरा संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या ठेल्यावर, लाल रंगात. कित्येकदा दोन्ही एकाच पाटीवर शेजारी नांदतात.

या दोन शब्दप्रयोगांविषयी सुशिक्षितांचा समज ठरलेला आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ हा आपला, संस्कृतातून आलेला, भाषेची प्रतिष्ठा राखणारा. ‘चायनीज’ हा परका, इंग्रजीतून घुसलेला, भाषेला बाट लावणारा. हा समज तपासून पाहणे एवढाच या विवेचनाचा हेतू आहे. तपासाअंती निष्कर्ष जवळजवळ उलट निघतो, असे पुढील पुराव्यावरून दिसून येईल.

२

प्रथम या प्रदेशाची भाषिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. हा सर्व मुलूख पूर्वी मध्यप्रांतात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. एका बाजूस बालाघाट, दुसऱ्या बाजूस राजनांदगाव. मधून हावडा–मुंबई लोहमार्ग. अशा ठिकाणी प्रमाण मराठीबरोबरच झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि छत्तीसगढी यांचा रोजचा संपर्क असणे स्वाभाविक होय. नागऱ्याच्या माणसाला घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी बोली वापरण्याची सवय असते. त्यात त्याला विशेष काही वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर नामफलकांविषयीचा कायदा पाहावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन, दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांसह सर्व आस्थापनांचे फलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना या तरतुदीचे पालन करण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. तरतुदीमागील हेतू स्तुत्य होता, याविषयी दुमत होऊ नये. परंतु कायद्याला भाषा मोजता येत नाही. त्याला अक्षराची उंची मोजता येते. निरीक्षकाच्या दृष्टीने देवनागरी दिसली की मराठी आली. मुंबईत, जेथे स्पर्धा रोमन लिपीशी होती, तेथे ही कसोटी बऱ्याच अंशी उपयोगी पडली. गोंदियात मात्र मराठीच्या शेजारी हिंदी उभी आहे, आणि हिंदीची लिपीही देवनागरीच आहे.

‘शुद्ध शाकाहारी भोजनालय’ ही पाटी घ्यावी. ती मराठी आहे की हिंदी? तिन्ही शब्द तत्सम. लेखन दोन्ही भाषांत एकच. प्रत्यय नाही, क्रियापद नाही. ही पाटी नागपूरच्या माणसाला मराठी वाटेल, जबलपूरच्या माणसाला हिंदी वाटेल, आणि दोघेही बरोबर असतील. म्हणजे जी पाटी सर्वांत अस्सल मराठी म्हणून मिरवते, तिच्यात मराठीची म्हणून ओळखता येईल अशी एकही खूण नाही.

आता इंग्रजी शब्दांची पाटी घ्यावी. इंग्रजीतील ‘व्ही’ या अक्षराचा ध्वनी मराठी ‘व्ह’ असा लिहिते, हिंदी नुसता ‘व’ लिहिते. म्हणून मराठी रंगारी ‘व्हेज’ लिहितो, हिंदी रंगारी ‘वेज’. मराठीत ‘हॉटेल’, हिंदीत ‘होटल’. मराठीत ‘पॅलेस’, हिंदीत ‘पैलेस’. गोंदियाच्या एकाच रस्त्यावर ही दोन्ही रूपे सापडतात, आणि त्यांवरून रंगाऱ्याचा कुंचला कोणत्या भाषेत शिकला हे निःशंकपणे सांगता येते. मौज अशी की, मराठीचा ठसा तत्सम शब्दावर उमटत नाही. तो उमटतो उसन्या इंग्रजी शब्दावर. उसनवारीत भाषा आपल्या सवयी प्रकट करते. वारशाने आलेला शब्द तिने जसाच्या तसा जपून ठेवलेला असतो.

३

घराबाहेर जेवण मिळण्याच्या जागेला मराठीने कोणकोणती नावे दिली, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

‘खाणावळ’ हा शब्द घडणीने पूर्णपणे मराठी आहे. दळणावळ, धुणावळ, शिवणावळ, लिहिणावळ या शब्दांत ‘आवळ’ हा प्रत्यय त्या त्या कामाच्या मोबदल्याचा वाचक आहे. ‘जेवणावळ’ या शब्दात मात्र मोबदल्याची छटा नाही. तेथे पंगत आहे, ओळीने बसलेली माणसे आहेत. ‘खाणावळ’ या शब्दात दोन्ही छटा एकत्र आल्या: पैसे देऊन, पण पंगतीला बसून जेवण्याची जागा. गिरणीतला कामगार, शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी, बदलीवर आलेला कारकून, अशा घरापासून दूर असलेल्या माणसाची महिनेवारी गरज या एका शब्दाने पुरी पडली. ती गरज दुसऱ्या कोणत्याही भाषेत नेमकी याच शब्दाने सांगता येणार नाही.

‘उपाहारगृह’ हा शब्द मागाहून घडविलेला. उप आणि आहार मिळून ‘उपाहार’, म्हणजे अल्प आहार. पण पाट्यांवर सर्रास ‘उपहारगृह’ असे लिहिलेले असते, आणि ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. पैसे देऊन खाण्याच्या जागेला भेटवस्तूंचे घर म्हणणारी ही पाटी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे आणि कोणीही तेथे भेट मागण्यास गेलेले नाही. घडविलेला शब्द लोकांच्या तोंडी बसला नाही की त्याचे लेखन असे निसटते. १९१० मध्ये दादरला सुरू झालेल्या मामा काणे यांच्या प्रसिद्ध उपाहारगृहाच्या नावात ‘स्वच्छ’ हे विशेषण होते. हे विशेषण लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

‘हॉटेल’ या शब्दाने तर मराठीत येऊन आपला मूळ अर्थच सोडला. इंग्रजीत ते मुक्कामाचे ठिकाण. मराठीत चार बाकडी आणि एक शेगडी असली तरी ते हॉटेल. मुक्कामाच्या ठिकाणासाठी ‘लॉज’ हा शब्द मराठीने वेगळा घेतला. शिवाय ‘हॉटेल’ला मराठी सामान्यरूप प्राप्त झाले: हॉटेलात, हॉटेलाचा. एखादा परका शब्द भाषेत कितपत मुरला याची ही सर्वांत विश्वसनीय कसोटी होय. ज्या शब्दाला सामान्यरूप आले, तो पाहुणा राहिला नाही.

झाडीबोलीच्या दृष्टीने या शब्दांकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट उघड होते. या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ही नाही. ‘पाणी’चे पानी होते, ‘डोळा’चा डोरा होतो, आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. ‘खाणावळ’ हा अस्सल मराठी शब्द, पण त्यात ‘ण’ही आहे आणि ‘ळ’ही, झाडीच्या तोंडी त्याचा ‘खानावर’ होतो. ‘शुद्ध शाकाहारी’मध्ये ‘श’ दोनदा येतो. ‘चायनीज’ या शब्दात मात्र असा एकही वर्ण नाही जो या बोलीला परका आहे. पाटीवरील सर्व शब्दांत, नागऱ्याच्या माणसाला स्वतःचा उच्चार न बदलता म्हणता येईल असा शब्द कोणता, तर तो हा तथाकथित परका शब्द. ही केवळ योगायोगाची गोष्ट आहे; परंतु परकेपणाच्या नेहमीच्या कल्पना किती वरवरच्या असतात हे दाखविण्यास ती पुरेशी आहे.

४

‘चायनीज’ या शब्दावर मुख्य आक्षेप असा घेतला जातो की, मराठीत ‘चिनी’ हा शब्द असताना त्याची गरज काय? आक्षेप सयुक्तिक दिसतो. परंतु तो वापराकडे न पाहता घेतलेला आहे.

चीन देशाचे नाव मराठी घरात फार पूर्वीपासून आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त चीनांशुक येते. स्वयंपाकघरात दालचिनी आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘चीनचे लाकूड’ असा. लोणच्याची बरणी चिनी मातीची. ‘चहा’ हा शब्द तर मुळात चिनीच. शेजारच्या हिंदीत साखरेलाही ‘चीनी’ म्हणतात. तेव्हा चीनशी नाते सांगणाऱ्या शब्दांची मराठीला अडचण कधीच नव्हती. अडचण वेगळी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो पदार्थसमूह भारतीय शहरांत रूढ झाला, तो चीनचा नव्हता. आणि भाषेने हे बरोबर ओळखले.

या पदार्थांचे मूळ कोलकात्यात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे चिनी लोकांची वस्ती होऊ लागली. त्यांतील हाका समाजाने पुढे टांगरा भागात कातडी कमावण्याचा व्यवसाय उभारला आणि भोजनगृहे चालविली. पाट्यांवरील ‘हाका नूडल्स’मधील हाका हे या समाजाचे नाव होय, तो पाककृतीचा प्रकार आहे असे समजून लोक तो मागवितात. १९६२ च्या युद्धानंतर याच समाजातील अनेकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ज्यांच्या समाजाचे नाव आज गावोगावच्या ठेल्यांवर झळकते, त्यांची ही हकीकत ठेल्यावरच्या गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसते.

मुंबईत १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले आणि चीनच्या सिचुआन प्रांताच्या तिखट पाकपद्धतीची ओळख झाली. त्या प्रांताच्या नावाचे पुढे ‘शेजवान’ झाले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करणाऱ्या, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी आले, लसूण, हिरवी मिरची या भारतीय फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून कोंबडीचा एक पदार्थ केला आणि त्याला ‘मंचुरियन’ म्हटले, असे त्यांच्या नावे सांगितले जाते. मांचुरिया प्रांताशी या पदार्थाचा नावापलीकडे संबंध नाही. कोंबडीच्या जागी फुलकोबी किंवा कोबीचे गोळे आले आणि मंचुरियन शाकाहारी झाले. ते एवढे रुजले की २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक शासनाला गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घालणारा आदेश काढावा लागला.

हा इतिहास पाहता ‘चिनी जेवण’ हे नाव या पदार्थांना देणे चुकीचे ठरले असते. मराठीने ते दिले नाही. ‘चिनी’ म्हणजे चीन देशाचा: चिनी सैन्य, चिनी माल, चिनी प्रवासी. ‘चायनीज’ म्हणजे कोबी, सोया सॉस, मिरची आणि मोठी आच यांपासून आपल्याकडे तयार होणारा पदार्थ. एकाच मूळ कल्पनेचे दोन शब्द, आणि दोहोंत अर्थाची स्वच्छ वाटणी. ही वाटणी कोणा कोशकाराने केलेली नाही. ठेल्यावरच्या गिऱ्हाइकाने केली आहे. ती न ओळखल्यामुळे कसा घोटाळा होतो याचे उदाहरण जून २०२० मध्ये दिसले. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थ विकणाऱ्या उपाहारगृहांवर बंदी घालण्याची मागणी केली. मागणीमागील क्षोभ समजण्यासारखा होता. पण तिचा आघात झाला असता तो चीनवर नव्हे, तर कोबी चिरून ठेला लावणाऱ्या येथल्याच माणसावर. ‘चिनी’ आणि ‘चायनीज’ यांतील भेद लोकभाषेने आधीच केला होता. राजकीय भाषेने तो पुसला.

व्याकरणाच्या अंगानेही ‘चायनीज’ बरेच मराठी झाले आहे. ‘चायनीज खाल्लं’, ‘मंचुरियन गार झालं’ असे म्हटले जाते. ‘जेवण’, ‘खाणे’ या शब्दांच्या लिंगाने या विशेषणांचे नपुंसकलिंगी नाम झाले. उच्चारात पहिला ‘च’ ‘चहा’तल्यासारखा तालव्य राहिला, पण अखेरचा ‘ज’ मराठी बोलणारा ‘आवाज’मधल्या ‘ज’सारखा दंततालव्य करतो, हिंदी बोलणाऱ्याचा ‘ज’ पुष्कळदा तालव्यच राहतो. ‘चायनीज भेळ’, ‘शेजवान चटणी’ या समासांत अखेरचे पद मराठी असून लिंग तेच ठरविते. अर्थात मुरण्याची क्रिया अपुरी आहे हेही नमूद केले पाहिजे. ‘हॉटेलात’ म्हणतात तसे ‘चायनीजात’ कोणी म्हणत नाही. ‘चायनीजमध्ये’ असेच म्हणतात. ‘नूडल्स खाल्ले’ की ‘नूडल्स खाल्ल्या’ याविषयी बोलणाऱ्यांत एकमत नाही. लेखन तर सर्वस्वी अस्थिर: चायनीज, चायनिज, चाईनीज, मंचुरियन, मंचूरियन, मंच्युरिअन. हा दोष आहे, पण तो वयाचा दोष आहे, कुळाचा नव्हे.

खरा दोष पदार्थयादीच्या रचनेत आहे, आणि त्याविषयी मात्र कठोर असणे योग्य ठरेल. ‘भरली वांगी’, ‘पाटवडीचा रस्सा’, ‘शेवेची भाजी’ या नावांत शब्दांचे परस्परसंबंध प्रत्ययांनी दाखविलेले असतात. काय कशात आहे हे वाचणाऱ्याला कळते. ‘व्हेज ट्रिपल शेजवान फ्राइड राईस’ ही पाच शब्दांची आगगाडी आहे; डबे एकमेकांस का जोडले हे डब्यांवरून कळत नाही. ‘ड्राय’ आणि ‘ग्रेव्ही’ या शब्दांची तर गरजच नव्हती; ‘सुके’ आणि ‘रस्सा’ ही जोडी विदर्भातील प्रत्येक घरात आहे. जेथे नवी वस्तू आली तेथे नवा शब्द घेणे हे भाषेचे सामर्थ्य. जेथे वस्तू जुनीच आहे तेथेही नवा शब्द घेणे हा आळस.

५

आता ‘शुद्ध शाकाहारी’ या पूज्य मानल्या गेलेल्या शब्दप्रयोगाकडे वळावे.

‘शाकाहारी’ हे व्युत्पत्तीने खाणाऱ्याचे विशेषण आहे, जागेचे नव्हे. फलाहारी म्हणजे फळे खाणारा, तसा शाकाहारी म्हणजे शाक खाणारा. ‘शाकाहारी हॉटेल’ या प्रयोगात हॉटेलच जेवावयास बसले आहे. परंतु व्युत्पत्तीचा हा आक्षेप येथे टिकत नाही आणि टिकू नये. ‘फलाहार’ या शब्दापासून आलेल्या ‘फराळा’त आज चकली आणि चिवडा आहे, फळ नाही, म्हणून ‘फराळ’ अशुद्ध ठरत नाही. ‘मंचुरियन’ला जी सवलत दिली, ती ‘शाकाहारी’लाही दिली पाहिजे. प्रश्न ‘शाकाहारी’चा नाही, तो ‘शुद्ध’चा आहे.

मांस न खाण्याविषयी बोलण्याच्या मराठीच्या स्वतःच्या रीती काय आहेत? पाहुण्याला विचारतात, ‘तुम्हाला चालतं का?’ कर्ता गाळलेला, पदार्थाचे नावही नाही. विचारणाऱ्याचा संकोच आणि पाहुण्याचा मान, दोन्ही एका क्रियापदात राखलेले. सोमवार ‘पाळतात’, श्रावण ‘पाळतात’. त्या दिवशी ‘खात नाही’ म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याला ‘माळकरी’ म्हणतात, आणि तो खाणार नाही हे न सांगता समजते. या सर्व प्रयोगांत मांसवर्जन ही माणसाची कृती आहे: व्रत, नेम, निवड. ती वाराने बदलते, महिन्याने बदलते. माळ घालता येते. ती कोणत्याही जातीच्या माणसाला करता येते आणि वारकरी परंपरेत सर्व जातींच्या माणसांनी ती केलेली आहे. शेजारी जेवणाऱ्याविषयी या शब्दांत कोणताही निवाडा नाही.

‘शुद्ध’ या विशेषणाने हे सर्व बदलते. क्रियेची जागा गुण घेतो, आणि गुणाला विरुद्धगुण असतोच. एक ‘शुद्ध’ म्हटले की दुसऱ्याला ‘अशुद्ध’ म्हणावे लागत नाही. ते वाचणारा स्वतःच म्हणून घेतो.

या शब्दाच्या समर्थनार्थ जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. मराठीत ‘शुद्ध’चा ‘अमिश्र’ असाही अर्थ आहे: शुद्ध सोने, शुद्ध तूप. पाटी लावणाऱ्याला एवढेच सांगावयाचे असते की, येथे दोन्ही प्रकारचे पदार्थ एका कढईत होत नाहीत. ज्यांचा नेम कडक आहे अशांना हे आश्वासन खरोखर हवे असते, आणि ते मिळण्याचा त्यांना अधिकार आहे. कांदालसूण वर्ज्य मानणाऱ्यांसाठी कित्येक पदार्थयाद्यांत ‘जैन’ हे विशेषण येते. लसणीवर उभे असलेले मंचुरियनही ‘जैन मंचुरियन’ होऊन मिळते. गिऱ्हाइकाच्या व्रताचा एवढा मान राखणे ही चांगली गोष्ट आहे.

हे सर्व मान्य करूनही ‘शुद्ध’चा निर्दोषपणा सिद्ध होत नाही. तूप शुद्ध असते ते भेसळीच्या विरोधात. मांसाहार ही शाकाहारातील भेसळ नव्हे. तो दुसऱ्याचा आहार आहे. वेष्टनांवरील चिन्हांच्या नियमांत हिरव्या चौकोनातील हिरवे वर्तुळ शाकाहारी पदार्थ दर्शविते. मांसाहारी पदार्थासाठी २०२० च्या विनियमांनी तपकिरी चौकोनातील तपकिरी त्रिकोण ठरविला. या पद्धतीत पदार्थ शाकाहारी असतो किंवा नसतो. शुद्ध शाकाहारी अशी तिसरी पायरी तीत नाही. ‘शुद्ध’ हा शब्द कायद्याने मागितलेला नाही. तो दुसरीकडून आला आहे. तो कोठून आला याचा शोध दूर करावा लागत नाही. कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंगतीला बसावे, यावर ज्या समाजाची रचना उभी होती, तेथे भोजनगृहाला कुळ सांगावेच लागे, आणि पूर्वी ते पाटीवर उघडपणे सांगितले जाई. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, तो दंडनीय अपराध ठरविला. जातीचे नाव पाटीवरून गेले. ‘शुद्ध’ राहिला. आज तो लावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा इतिहास असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण शब्दाचा अर्थ लावणाऱ्याच्या मनात नसतो, तो वाचणाऱ्याच्या कानात असतो.

आणि नागऱ्याच्या वाचकाच्या कानात हा शब्द आणखी एका ठिकाणाहून आलेला असतो. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख आहे; भाताबरोबर मासळी हे येथील अनेक घरांचे साधे, रोजचे जेवण. त्या घरातील मूल शाळेत जाते आणि ‘पानी’ म्हणते. तेव्हा त्याला सांगितले जाते की हे अशुद्ध आहे. शुद्ध मराठीत ‘पाणी’ म्हणतात. त्याच्या वहीवर ‘शुद्धलेखन’ असे लिहिलेले असते. सायंकाळी बापाबरोबर शहरात गेल्यावर तेच विशेषण त्याला भोजनगृहाच्या दारावर दिसते. सकाळी त्याची बोली अशुद्ध ठरली, सायंकाळी त्याच्या घरचे ताट. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो वर्णन करीत नसून निवाडा देत आहे. बोलीच्या बाबतीत भाषाशास्त्राने आपली चूक केव्हाच सुधारली: ‘शुद्ध–अशुद्ध’ ही जोडी टाकून ‘प्रमाण’ आणि ‘बोली’ ही जोडी स्वीकारली. झाडीबोलीचा ‘र’ हा ‘ळ’चा अपभ्रष्ट अवतार नसून त्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेचा नियम आहे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा जो प्रपंच मांडला त्यावरून स्पष्ट झाले आहे. शास्त्राने जो शब्द वर्गातून काढला, तो रस्त्यावर मात्र तसाच लखलखत राहिला.

येथे मामा काणे यांच्या नामफलकावरील ‘स्वच्छ’ पुन्हा आठवावा. ‘स्वच्छ’ हे विशेषण तपासता येते. भांडी पाहावी, टेबलावर बोट फिरवावे, मोरी पाहावी. पाटी खरी की खोटी हे कोणत्याही गिऱ्हाइकाला ठरविता येते. ‘शुद्ध’ तपासता येत नाही. ते मानावे लागते. भोजनगृहाने गिऱ्हाइकाला वचन द्यावयाचे ते तपासता येईल असे द्यावे. त्या दृष्टीने १९१० ची पाटी आजच्या पाटीपेक्षा अधिक आधुनिक होती.

६

तात्पर्य असे. ‘चायनीज’ हा शब्द उसना असला तरी मराठीने त्याला अर्थ दिला, लिंग दिले, उच्चार दिला. आणि ‘चिनी’पासून त्याला वेगळे ठेवून एक सूक्ष्म विवेकही केला. ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्दप्रयोग वेषाने स्वदेशी असला तरी त्यात मराठीचे म्हणून काही नाही. उलट मांस न खाण्याविषयी बोलण्याची मराठीची जी सभ्य, अनाग्रही रीत होती तिला तो बाजूस सारतो. भाषेच्या रक्षणासाठी लिपीचा आग्रह धरणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. मराठी ही नामांत कमी आणि क्रियापदांत, प्रत्ययांत अधिक वसते. आणि पाट्यांवरून नेमकी तीच हद्दपार झाली आहेत.

यावर उपाय अवघड नाही आणि त्यासाठी नवा शब्द घडविण्याचीही जरुरी नाही. पूर्वीच्या पाट्यांवर ‘आमचे येथे चहा व फराळाचे जिन्नस मिळतील’ अशी पूर्ण वाक्ये असत. त्याच धर्तीवर ‘येथे फक्त शाकाहारी जेवण मिळेल’ असे लिहिता येईल. ‘फक्त’ या शब्दाने कडक नेमाच्या गिऱ्हाइकाला हवे ते आश्वासन पुरेपूर मिळते, आणि दुसऱ्या कोणाच्या ताटाविषयी काहीही म्हटले जात नाही. हे वाक्य हिंदी वाटण्याची शक्यता नाही. ‘मिळेल’ या एका क्रियापदाने ते मराठीचे ठरते. ठेल्यावर ‘चायनीज’ खुशाल राहावे. शेजारी ‘सुके’ आणि ‘रस्सा’ आले म्हणजे झाले.

‘मिळेल’ यातील ‘ळ’ नागऱ्याच्या माणसाच्या तोंडी ‘र’ होईल. तो होऊ द्यावा. पाटीने जेवण मिळेल एवढे सांगावे. वाचणाऱ्याची जीभ आणि त्याचे ताट या दोहोंची परीक्षा घेण्याचे काम तिचे नाही.